पाणी सोडणाऱ्यानं पाणी पिऊ नये

एकतीस वर्षं मी गावाला पाणी सोडलं. गावात मला नावानं ओळखणारे थोडे, ‘पाणीवाला’ म्हणून ओळखणारे सगळे, आणि शिव्या देताना हे दोन्ही विसरणारे त्याहून जास्त. आमचं गाव तालुक्याचं. ते अमळनेरहून धुळ्याला जाताना लागतं की शिरपूरच्या अंगाला आहे, हे मुद्दामच सांगत नाही. ज्या गल्लीची गोष्ट सांगायची आहे, तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही त्यांच्यातच राहायचं आहे.

बाहेरच्यांना वाटतं, व्हॉल्व्हमनला काय काम, चावी फिरवली की झालं. तसं असतं तर मी आज गुडघे धरून बसलो नसतो. टाकीतलं पाणी सगळ्या गावाला एकदम पुरत नाही, म्हणून गावाचे भाग पाडलेले. पाळी चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात सहाव्या-सातव्या. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला छातीएवढी उंच, आडव्या मुठीची लोखंडी चावी. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाण्याचा दणका बसून जुना पाइप फुटतो. म्हणून चार फेरे द्यायचे, थांबायचं, पुन्हा चार द्यायचे. थांबलं की चावीच्या मुठीला कान लावायचा. लोखंडातून पाणी ऐकू येतं. लाइन नीट भरत असेल तर घरघर ऐकू येते, हवा अडकली असेल तर ठोके, आणि कुठं गळती असेल तर बारीक, न तुटणारी शिटी. कानावर माझा भारी भरवसा होता. गळती शोधायला दुसऱ्या भागातली माणसंही मला बोलवायला यायची आणि मी जरा ताठ मानेनं जायचो.

हे सगळं मला दगाभाऊंनी शिकवलं. ते माझ्या आधीचे व्हॉल्व्हमन. त्यांनी आणखी एक नियम शिकवला होता: “पानी सोडनारानी कोनाघर पानी पेवानं नही.” एका घरचा ग्लास तोंडाला लावला की ते घर दहा मिनिटं जास्त मागतं, आणि ते दिलं की पुढच्या दहा घरांशी भांडण. मी हा नियम देवाच्या नेमासारखा पाळला. सायकलच्या हँडलला घरून भरलेली बाटली लटकवलेली असायची. खान्देशात कुणाच्या दारात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमानच, पण माझ्यासारख्या कोरड्या माणसाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पाणी घेतलं नाही की बसावं लागत नाही, आणि बसलं नाही की ऐकावं लागत नाही.

ऐकण्यासारखं असायचं तरी काय म्हणा. एक निवृत्त मास्तर होते, ते वहीत पाणी आल्या-गेल्याची वेळ लिहायचे आणि तीन मिनिटं कमी पडली तर लाल शाईनं गोल करून मला दाखवायचे. एका बाईंनी पहिली गढूळ बादली सरळ माझ्या पायांवर ओतली होती. हळदीच्या घरची माणसं तर हात जोडूनच उभी असायची. अशा वेळी मी खाली मान घालून फेरे मोजायचो आणि सायकलला टांग मारायचो.

त्या गल्लीत बावीस घरं. शेवटचं घर सुमनअक्कांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलेलं, एकुलती मुलगी ज्योती धुळ्याला दिलेली. अक्का माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह त्यांच्या ओट्यासमोरच होता, त्यामुळं पाळीच्या दिवशी त्या ग्लास घेऊन उभ्याच असायच्या.

“भाऊ, पानी पी जाय.”

“नको अक्का, आत्तेच पी उनू.”

“तुन्हं पोट शे का टाकी?”

आत्ताच पिऊन आलो, एवढं बोलणं, आणि मी पुढं. असं किती वर्षं चाललं असेल ते मोजलं नाही.

अक्कांचं एक गाऱ्हाणं होतं. गल्लीत बहुतेकांनी नळाला मोटर लावलेली. पाणी सुटलं की सगळ्या मोटरी एकदम ओढायला लागायच्या आणि शेवटच्या घराच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. “माले पुरस नही भाऊ,” त्या सांगायच्या. मी म्हणायचो, “बठ्ठासले तेवढंच शे.” सगळ्यांना तेवढंच, हे खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं. मोटरी काढायला लावणं माझ्या कामात बसत होतं, पण बावीस घरांच्या तोंडी कोण लागणार.

एका उन्हाळ्यात, पाळीच्या दिवशी सकाळी, अक्कांच्या हातात ग्लास नव्हता. त्या ओट्यावरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, पानीले वास येस.” मी चार फेरे देऊन थांबलो होतो, कान मुठीला होता. लाइन छान भरत होती, शिटी नव्हती. मी मान न उचलता म्हणालो, “पहिला दोन हंडा सोडी द्या.” त्यांना आणखी काही सांगायचं होतं. त्या तिथंच उभ्या राहिल्या, पदर बोटाला गुंडाळत. मी उरलेले फेरे दिले आणि निघालो. तक्रारवहीत तक्रार लिहायची असते, तीही लिहिली नाही. कानानं सांगितलं होतं ना, गळती नाही म्हणून.

तिथून महिना-सव्वा महिन्यानं गल्लीत कावीळ निघाली. आधी दोन पोरं, मग एक रिक्षावाला, आठवड्याभरात अकरा जण. आणि त्यांत ज्योती. ती पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली होती, तिला आता आठवा सरत होता. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर फिरल्या तेव्हा ज्योतीचे डोळे बघून त्यांनी एक मिनिट थांबू दिलं नाही, गाडी बोलावून तिला धुळ्याच्या दवाखान्यात पाठवलं. मला म्हणाल्या, “नाना, गरोदरपणात ही कावीळ जिवावर उठते. दोघांच्याही.” नळाच्या पाण्याची तपासणी झाली. त्यात गटार होतं.

लाइन बंद केली, टँकर सुरू झाला. पण खरी अडचण पुढं होती. मुख्य लाइन याच गल्लीतून गटाराच्या कडेनं पुढच्या तीन वस्त्यांना जाते. त्या वस्त्यांची पाळी चुकली होती, दहा दिवस पाणी नव्हतं, आणि टँकर एवढ्या घरांना पुरत नव्हता. सोमवारी सकाळी पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी मला बोलावलं. “उद्या सातला लाइन सोडायचीच आहे. वरून दबाव आहे. ब्लीचिंग पावडर जास्त टाकू. संध्याकाळपर्यंत जागा सापडली तर ठीक.”

“आणि नाही सापडली तर?”

साहेब कागद चाळत राहिले. पुढच्या वस्त्यांमध्ये किती गरोदर बाया असतील, हे त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही आणि मलाही मोजायचं धैर्य झालं नाही.

जागा कशी शोधायची? वर सिमेंटचा रस्ता, सगळा फोडायचा तर दोन दिवस. कान लावावा तर लाइन कोरडी. पण एक गोष्ट मला कळत होती. जुन्या सांध्यातून पाणी बाहेर गळत असतं तर पाणी चालू असताना मला शिटी ऐकू आली असती. म्हणजे कच्चा सांधा प्लॅस्टिकच्या नळीचा असणार, तिचा आवाज लोखंडात येत नाही; लाइन भरलेली असताना तो गप्प, आणि रिकामी झाल्यावर आत ओढणारा. पाणी बंद झाल्यावर शेवटचा थेंब ओढायला लोक मोटर चालूच ठेवतात. तेव्हा पाइप तोंडानं ओढल्यासारखा ओढतो, जिथं कच्चं असेल तिथून, आणि कच्चं जर गटारात असेल तर गटारातून. हे कुणाच्या तरी चोरून घेतलेल्या, गटारातून नेलेल्या नळाचं काम होतं. कुणाच्या, ते बावीस घरांपैकी एकालाच माहीत होतं.

मी अकराच्या सुमाराला गल्लीत गेलो. गेलो तो पोलिसासारखा. चौकात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, “चोरून नळ कोणी घेतला असंल त्यानं आत्ता सांगावं, नाहीतर नाव निघालं की गुन्हा दाखल होईल.” दारं उघडी होती, ती लोटली गेली. एक जण म्हणाला, “पानी तुम्ही पाजं, गुन्हा आमनावर?” आणि मग कैलास पुढं आला. त्याची पिठाची गिरणी होती. त्याचा सात वर्षांचा मुलगा आठ दिवसांपासून अंथरुणाला होता. तो माझ्या अगदी जवळ आला. हात उचलतो की काय, असं वाटून मी मागं सरकलो. त्यानं हात उचलला नाही. चावी धरली.

“नाना, चावी सोडा.”

“कैलास, ती सरकारी वस्तू शे.”

“मन्हा पोऱ्या बी वस्तू शे का?”

मी चावी सोडली. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा रडू येईल असं वाटलं. चावीशिवाय त्या गल्लीत मी कधी उभाच राहिलो नव्हतो. हात कुठं ठेवायचे तेही कळेना. माझ्याभोवती पंधरा-वीस माणसं होती आणि त्यांतल्या एकाचंही नाव घेऊन मी ‘कसं काय’ विचारलेलं नव्हतं.

कैलासनं चावी ओट्याला टेकवली आणि तिच्याशेजारी बसला. आतून त्याची बायको आली, तिनं खुर्ची ठेवली आणि ग्लास पुढं केला. “जारनं पानी शे नाना, पेवा.” नवऱ्याच्या डोळ्यात अंगार आणि बायकोच्या हातात ग्लास. आमच्याकडं दारात आलेल्याला पाणी विचारायचं, मग तो कोणी का असेना. इतक्या वर्षांचं ‘आत्तेच पी उनू’ माझ्या तोंडाशी आलं. पण त्या दिवशी त्या गल्लीत पाण्याला नाही म्हणणं कसं दिसलं असतं, ते मला उमगलं. मी बसलो आणि प्यालो.

बसल्यावर बोलावं लागतं. मी पोराचं विचारलं.  कैलास सांगायला लागला. पोरगं काही खात नाही, भाकरी बघितली की तोंड फिरवतं, आणि बापाला म्हणतं, गिरणीत ने, मला पट्ट्याचा आवाज ऐकायचा आहे.   मग, कसं झालं कोण जाणे, मी म्हणालो, “कैलास, महिनाभर पहिले माले सांगेल व्हतं. पानीले वास येस म्हनीसन. मी ऐकं नही. लिखं बी नही.”

त्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला. कैलास माझ्याकडं इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, आता मात्र हात उठणार. गल्ली ऐकत होती. मी पळून जाऊ शकलो असतो, सायकल जवळच होती.

“हाई तुम्हले कोनी इचारं नव्हतं,” तो शेवटी म्हणाला.

“नही.”

“मंग कसाले सांगं?”

“तुले सांगाशिवाय घर घर जाऊ शकत नव्हतू.”

तो उठला नाही. म्हणाला, “जा घर घर. पन चावी आठेच ऱ्हाई.”

मग चावी तिथंच ठेवून मी घरोघर गेलो. धमकी दिली नाही. प्रत्येक घरी बसलो, आजाऱ्याचं विचारलं, आणि माझी चूक आधी सांगितली. प्रत्येक घरी जारचं नाहीतर टँकरचं पाणी आलं आणि प्रत्येक ठिकाणी मी प्यालो. पोट डब्ब झालं. मास्तरांसारखी वही असती तर ग्लासांचाही हिशेब निघाला असता. एरवी ज्या दारांवरून मान खाली घालून गेलो, तिथं काय काय होतं. एका घरात मोटर नव्हती, कारण पोरीच्या अभ्यासाच्या वेळी तिचा आवाज नको म्हणून आईनं ती विकली होती. एका म्हाताऱ्या आबांनी मला अर्धा तास फक्त त्यांच्या गेलेल्या बैलाचं सांगितलं. माझं लक्ष उन्हाकडं होतं, ऊन उतरत चाललं होतं. तरी ऐकलं. उठताना आबा म्हणाले, “मोटर शे आमनी. पानी गयं तरी चालूच ऱ्हास.” असं सहा-सात जणांनी सांगितलं. मोटर आहे म्हणून सांगितलं. चोरून नळ मात्र कुणीच सांगितला नाही, आणि मला पटत होतं की ही माणसं आता खोटं बोलत नाहीत.

चार वाजून गेले होते. शेवटचं घर उरलं.

सुमनअक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. तीन दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. मुलगी धुळ्याच्या दवाखान्यात आणि आई इथं कशी, हे मला आशाताईंकडून कळलं होतं. ज्योतीच्या सासूनं तोंडावर सांगितलं होतं, “चांगली धाडलेली पोर तुम्ही अशी केली. आता तुमची गरज नाही.” अक्का दोन तास दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि एसटीनं परत आल्या.

मी ओट्यावर बसलो. ज्योतीचं विचारलं. “तशीच शे,” एवढंच म्हणाल्या. मी माझी चूक सांगायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.  समोर माझ्या व्हॉल्व्हचं झाकण होतं.

 काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं आणि ते काय ते लक्षात येत नव्हतं. मग आलं. अक्कांनी मला पाणी विचारलं नव्हतं.

इतकी वर्षं नाही म्हणणाऱ्याला न चुकता ग्लास धरणारी बाई. दिवसभरात एकवीस घरांनी विचारलं होतं. मी त्यांच्या ओट्याकडं नीट बघितलं. गल्लीत सगळ्यांच्या दारात टँकरची भांडी भरून ठेवलेली. इथं एकही भांडं नव्हतं. त्या टँकरवर गेल्याच नव्हत्या, बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्याच नव्हत्या.  मला कळलं, आणि कळायला नको होतं असंही वाटलं.

मी म्हणालो, “अक्का, पानी दे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उठल्या, आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, हातात ग्लास होता. रिकामा.

“कसं देऊ तुले,” त्या म्हणाल्या, “मन्हा हातनं पानी?” आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ज्योती येणार म्हणून ठरलं, तेव्हाची गोष्ट. नळाला करंगळीएवढी धार, हापसा लांब. “तिले हंडा उचलना पडाले नको, म्हनीसन मी दुसरा नळ लिधा.” त्यांनी कुणी खासगी नळजोडणीवाला गाठला. त्यानं मुख्य लाइनला जोड दिला, दिसू नये म्हणून प्लॅस्टिकची नळी गटारातून नेली आणि सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पंधरा दिवसांत वास आला. “मी तुले सांगाले उनी व्हती भाऊ. नळनं बी सांगाव व्हती. तू मान वर करी नही.”

पदर बोटाला गुंडाळत त्या उभ्या राहिल्या होत्या, ते मला आठवलं. मी मान वर केली असती, पाच मिनिटं ओट्यावर बसलो असतो, तर तो सांधा त्याच दिवशी निघाला असता. 

“आते ज्योतीले समजनं ते ती मन्हं तोंड देखाव नही,” अक्का म्हणाल्या. “आनि हाई गल्ली माले उभी करी नही.”

मी म्हणालो, गटार उपसताना सापडलं असं मी सांगेन. तुमचं नाव आज तरी निघणार नाही. खरं सांगतो, मी ते केलंही असतं.  त्यांनी विचारलं, “कैलासले तू तुन्हं सांगं का?”

“सांगं.”

“त्यानी मारं का?”

“नही.”

त्या उठल्या, पदर खोचला आणि गल्लीतून चालायला लागल्या. मी मागोमाग. शेवटच्या घरापासून कैलासच्या ओट्यापर्यंत पन्नास-साठ पावलं असतील. कैलास अजून चावीशेजारी होता. अक्का त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कैलास, गटारमा नळी मन्ही शे. तुन्हा पोऱ्याले मन्हा नळनं पानी बाधनं.”

सगळी गल्ली ऐकत होती. कुणीतरी बाई हुंदका देऊन आत गेली. कैलास उठला. त्यानं चावी उचलली. मी अक्कांच्या पुढं झालो, त्यानं मला खांद्यानं बाजूला केलं आणि तो सरळ गल्लीच्या टोकाकडं निघाला. गटारावरच्या फरशीच्या फटीत चावीचं टोक घातलं आणि जोर लावला. फरशी उलटली. दुसरी उलटली. तिसरीखाली ती नळी होती. सांध्याची पट्टी सुटून लोंबत होती आणि सांधा अर्धा घाणीत बुडालेला होता.

कैलास वाकून बघत राहिला. मी त्याला सांगितलं की ही नळी नुसती पडून असती तर एवढं झालं नसतं, रिकाम्या लाइनीतून कुणीतरी ओढलं म्हणून घाण आत गेली. मला त्याच्यावर ठपका ठेवायचा नव्हता, मी फक्त कामाचं बोललो. 

“मोटर मन्ही बी शे,” तो म्हणाला. “गल्लीमा सगळासमा मोठी.”

मग त्यानं चावी माझ्या हातात दिली.

संध्याकाळी सहापर्यंत आम्ही जोड तोडून मुख्य लाइनला बूच मारलं. गल्लीतले आठ-दहा जण गटारात उतरले होते. त्या गडबडीत आणखी दोन घरांनी पुढं येऊन सांगितलं की आमच्याही नळ्या आहेत, गटारातून नाहीत पण आहेत. त्याही निघाल्या. दुसऱ्या दिवशी सातला लाइन सुटली नाही. मी साहेबांना म्हणालो, लाइन धुतल्याशिवाय आणि पाणी तपासून आल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही. दोन दिवसांनी सुटली. त्या दोन दिवसांत पुढच्या वस्त्यांनी मला काय काय म्हटलं, ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखं नाही.

अहवालात मी अक्कांचं नाव लिहिलं. ते लिहावंच लागतं. त्यांनीही सही करताना मागंपुढं पाहिलं नाही. पण त्याखाली मी हेही लिहिलं की तक्रार महिनाभर आधी आली होती आणि ती मी नोंदवली नाही. साहेब म्हणाले, “हे कशाला घालताय?” मी म्हणालो, असू द्या. माझी वेतनवाढ रोखली गेली. नोकरीत तेवढाच एक ठपका, आणि तो बरोबर होता.

कैलासचा पोऱ्या उठला, हिंडायला लागला. ज्योती वाचली. बाळ राहिलं नाही.

अक्कांनी ज्योतीला स्वतः सांगितलं, दवाखान्यात, सासूच्या देखत.  ज्योती दवाखान्यातून तशीच सासरी गेली. पुढं दोन वर्षं अक्का फोन करायच्या आणि तो सासूच उचलायची.

मी त्यानंतर पाळीच्या दिवशी वीस मिनिटं आधी निघायला लागलो. प्रत्येक गल्लीत एका ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, काय चाललंय ते ऐकायचं. कुणी दहा मिनिटं जास्त मागितली तर बसून नाही म्हणता येतं, हे दगाभाऊंना माहीत नव्हतं. त्या गल्लीत तर अक्काच पहिल्या पाण्याचा वास घ्यायच्या. मी चार फेरे देऊन थांबायचो, त्या ग्लास नाकाशी धरायच्या, प्यायच्या आणि म्हणायच्या, “येऊ दे.” मगच पुढचे फेरे. पाणी गेलं की आता मोटर कुणी चालू ठेवत नाही. शेवटच्या घराला धार बरी येते.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. पाळीच्या दिवशी सकाळी मी गल्लीत शिरलो, तर अक्कांच्या ओट्यावर ज्योती बसलेली. पुन्हा सातवा महिना. सासूनं धाडलं नव्हतं, ती हट्टानं आली होती. हे अक्कांनी मला व्हॉल्व्हपाशी येऊन हळूच सांगितलं, मोठ्यानं बोलायची त्यांची हिंमत नव्हती. मी चार फेरे दिले आणि थांबलो. अक्कांनी ग्लास भरला आणि नाकाशी नेणार, इतक्यात ज्योतीनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर धरला.

“नाना, आज पहिले तुम्ही पेवा.”

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तपासणीचे कागद माझ्या खिशात होते, लाइन मी स्वतः बघितली होती. तरी एकतीस वर्षांत इतकं जड भांडं उचललं नव्हतं. मी प्यालो, शेवटपर्यंत, आणि ग्लास उलटा करून दाखवला.

ज्योतीनं ग्लास पुन्हा नळाखाली धरला. अर्धा भरला. बराच वेळ नाकाशी धरून ठेवला. अक्का तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभ्या होत्या. मग ती प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “माय, हंडा आन. भरी ली.”

अक्कांनी हंडा आणला. तो भरला तशी ज्योती उचलायला वाकली आणि अक्का ओरडल्यासारख्या म्हणाल्या, “तू नको उचलू.” त्या स्वतःच हंड्याला वाकल्या. मी चावी भिंतीला टेकवली, हंडा उचलला आणि उंबरा ओलांडून आत नेऊन ठेवला. गावाला एकतीस वर्षं पाणी सोडलं, पण कुणाच्या घरात नेऊन ठेवलं ते तेवढंच एकदा.